डायमधली चूक आणि प्रेसचा हिसका

नाण्यावरचं अक्षर दुहेरी दिसलं की नाणी जमवणाऱ्या माणसाचा जीव वरखाली होतो. हातातलं साधं दहा सेंटचं किंवा दोन रुपयांचं नाणं अचानक वेगळं वाटू लागतं. मोबाइलवर फोटो काढले जातात, कुणीतरी ‘डबल डाय’ म्हणतं आणि किमतीचे अंदाज सुरू होतात. या उत्साहाला मी कधीच नावं ठेवणार नाही. रोज हाताखालून जाणारी वस्तू माणूस इतकी निरखून बघतो, हीच मोठी गोष्ट आहे. पण दुहेरी दिसणारी नाणी उदंड आहेत आणि दुहेरी डायने पाडलेली नाणी फार थोडी. या दोहोंमधला फरक मराठीतून, सावकाश आणि चित्रांसह समजावून सांगावा, म्हणून ही पुस्तिका लिहिली.

पुस्तिकेचा सगळा भर एका प्रश्नावर आहे: हे दुहेरीपण नेमकं कधी आलं? डाय तयार होत असताना, की त्या डायने नाणं पाडलं जात असताना? चित्र किती ठळक दुहेरी दिसतं, किती सुंदर दिसतं, यावर निर्णय होत नाही. तो या ‘कधी’वर होतो. म्हणून पुढची प्रकरणं वाचण्याआधी डाय कशी जन्माला येते ते समजून घ्यायला हवं.

नाणं पाडणारी डाय म्हणजे कठीण पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर चित्र उलटं आणि खोलगट असतं. प्रत्येक डायवर ते कुणी हाताने कोरत बसत नाही. कलाकाराने केलेल्या मोठ्या नमुन्यावरून यंत्राच्या साहाय्याने चित्र लहान करत एका पोलादी हबवर उतरवतात. हबवर ते नाण्यासारखंच सुलट आणि उठावाचं असतं. मूळ हबवरून मूळ डाय, मूळ डायवरून कामाचे हब आणि त्या हबांवरून प्रेसमध्ये बसणाऱ्या कामाच्या डाय, असा हा क्रम. मऊ केलेल्या पोलादावर हब प्रचंड दाबाने दाबला की चित्र आत उतरतं. पण दाबाखाली पोलाद कठीण होत जातं आणि एकाच दाबात चित्राला पुरेशी खोली मिळत नाही. म्हणून डाय काढायची, भट्टीत तापवून मऊ करायची, पुन्हा हबखाली बसवायची आणि पुन्हा दाबायची, ही जुनी रीत. दुसऱ्या खेपेला ती आधीच्या जागी तंतोतंत बसली नाही, केसभर फिरली किंवा सरकली, तर पहिल्या दाबाचं चित्र तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या दाबाचं उमटतं. दोन्ही चित्रं पोलादात खोल गेलेली असतात. अशी डाय कुणाच्या नजरेस न पडता प्रेसवर चढली की तिच्यातून निघणारं प्रत्येक नाणं तीच चूक घेऊन बाहेर येतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच जागी, त्याच दिशेला, तेवढ्याच अंतराने.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ सालचा एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत लिंकनच्या बाजूची एक डाय दोन दाबांमध्ये चांगलीच फिरली होती. त्यामुळे साल, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि वरचं बोधवाक्य अशी सगळी अक्षरं साध्या डोळ्यांनाही स्वच्छ दुहेरी दिसतात. मागची बाजू मात्र अगदी नेहमीसारखी आहे, कारण मागची डाय निर्दोष होती. चूक लक्षात आली तोवर ही नाणी बाकीच्या ढिगात मिसळून गेली होती आणि सगळा ढीग वितळवण्याऐवजी तो तसाच बाहेर जाऊ दिला गेला. अशी वीस हजारांहून जास्त नाणी लोकांच्या हाती पडली असं मानतात. त्यातली बरीच सिगारेटच्या पाकिटांतून आली. विक्रीयंत्रात पंचवीस सेंटचं नाणं टाकायचं, पाकिटाची किंमत तेवीस सेंट, मग सुटे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घालून ठेवलेले असत. सिगारेट ओढणाऱ्यांच्या खिशांतून हे नाणं इतिहासात आलं.

आता दुसरी बाजू. पिंपरी-चिंचवडला किंवा नाशिकच्या सातपूरला पॉवर प्रेसवर काम केलेल्या कुणालाही ती दोन वाक्यांत समजेल. बोल्ट ढिला झाला, झिजला, नीट आवळला नाही, की ‘डायला प्ले येतो’. नाण्याच्या प्रेसचंही तेच. आधुनिक प्रेस मिनिटाला सातशेहून जास्त नाणी पाडू शकतो. इतक्या धडाक्यात डाय किंवा तिचा धारक जरासा सैल असला, तर ठोका पूर्ण झाल्यावर, डाय मागे हटायच्या क्षणी ती किंचित थरथरते, सरकते किंवा उडी मारते. त्या वेळी नाण्यावर चित्र पूर्ण उमटलेलं असतं. सरकणारी डाय त्या ताज्या उठावाला घासते आणि त्याचा एक काठ ढकलून खाली दाबते. यालाच संग्राहक ‘मशीन डबलिंग’ म्हणतात. डायमध्ये यातलं काहीही नसतं. डायवर चित्र एकच आहे. दुसऱ्यासारखं जे दिसतं ते पहिल्याच चित्राचं चेपलेलं अंग. म्हणूनच कित्येक जाणकार याला प्रकार न म्हणता इजा म्हणतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. नाणं घडून झाल्यावर त्याला जे झालं ती इजाच, मग ती टांकसाळीच्या आत झाली असली तरीही.

हा फरक भिंगाखाली कसा दिसतो, यावर पुस्तिकेची निम्मी पानं खर्च केली आहेत. इथे एकच अक्षर जवळून पाहू. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि न्यूझीलंडच्या एखाद्या नाण्यावर राणीच्या नावातलं रोमन ‘ई’ बघा. खऱ्या दुहेरी डायमध्ये हे अक्षर जाड होतं. त्याच्या आडव्या रेघांच्या टोकांना खाच पडते, जणू टोक दोन फाट्यांत उघडलं आहे. दोन्ही फाटे गोलाईदार असतात आणि दोघांचाही उठाव अक्षराइतकाच खरा वाटतो. दोन प्रतिमांच्या मध्ये बारीक, स्पष्ट दरी असते. मशीन डबलिंगमध्ये याच्या नेमकं उलट घडतं. मूळ अक्षर बारीक होतं, कारण त्याच्याच धातूतला काही भाग खाली ढकलला गेलेला असतो. शेजारी जे दिसतं ते सपाट असतं, पायरीसारखं, नाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागाच्या जवळपास पातळीवर, आणि घासलेल्या धातूची तिथे एक वेगळीच चकाकी असते. टोकाला खाच नसते. नाणं प्रकाशात हळूहळू फिरवलं की ती पायरी एकदम लकाकते आणि पुढच्या क्षणी विझते. खऱ्या दुहेरी डायची दुसरी प्रतिमा अशी विझत नाही. ती अक्षरच असते.

भारतीय नाण्यांवर रोमन अक्षरांइतकीच देवनागरीही बघावी, आणि मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. आपल्या लिपीला शिरोरेघ आहे. ‘भारत’ किंवा ‘रुपये’ या शब्दांवरची ती लांब आडवी पट्टी दुहेरीपण तपासायला अगदी सोयीची, कारण ती सलग आणि सरळ असते. खरं दुहेरीपण असेल तर शिरोरेघेचं टोक दुभंगलेलं दिसेल किंवा तिच्या लांबीभर दोन समांतर कडा गोलाईसह दिसतील. मशीन डबलिंग असेल तर शिरोरेघ स्वतः रोडावलेली असेल आणि तिच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पट्टी लागलेली असेल. काना, वेलांटी, रकार यांच्याकडेही पाहावं. सगळ्यांच्या एकाच बाजूला एकाच प्रकारची चेपलेली पट्टी असेल, तर प्रेसने हिसका दिला एवढंच सिद्ध होतं.

इथे एक सावधगिरी. फक्त जाडी पाहून निकाल देऊ नये, आणि खाच दिसत नाही म्हणून नाणं बादही ठरवू नये. दुहेरी डायचे प्रकार बरेच आहेत. कधी डाय केंद्राभोवती फिरते, कधी एका कडेला टेकून वळते, कधी सरळ एका बाजूला सरकते. कधी दोन वेगवेगळ्या आराखड्यांचे हब एकाच डायवर दाबले जातात, आणि कधी नुसतीच अक्षरं फुगल्यासारखी जाड होतात, वेगळी प्रतिमा दिसतच नाही. अमेरिकन संग्राहकांनी यांना रोमन आकड्यांचे वर्ग दिले आहेत. जॉन वेक्सलर यांचं १९८४ सालचं लिंकन सेंटवरचं पुस्तक या अभ्यासातला मोठा टप्पा. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी टांकसाळीने एकाच दाबात डाय तयार करण्याची पद्धत आणली तेव्हा हा विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटलं. तो संपला नाही. पहिल्या क्षणी डाय जराशी तिरपी बसली आणि दाब वाढताना सरळ झाली, तरी मधल्या भागात थोडं दुहेरीपण उमटतं. २००९ च्या सेंटवर ओंडक्यावर पुस्तक वाचत बसलेल्या तरुण लिंकनच्या हाताला जादा बोट दिसतं, ते असंच.

दुहेरी डाय आणि मशीन डबलिंग यांचा तिसरा सोबती या दोघांपेक्षाही फसवा आहे, आणि त्याच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही: झिजलेली डाय. लाखो नाणी पाडता पाडता डायचा पृष्ठभाग झिजतो. धातू बाहेरच्या दिशेने वाहताना अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि त्यांच्या बाजूला अस्पष्ट, सुजल्यासारखी सावली तयार होते. गंमत अशी की याचं सर्वांत गाजलेलं उदाहरणही १९५५ चंच. त्या वर्षीच्या कितीतरी सेंटांवर शेवटचा पाचाचा आकडा दुहेरी दिसतो. ती नाणी ‘गरिबांचं डबल डाय’ म्हणून विकली गेली आणि आजही विकली जातात. तो निव्वळ झिजेचा परिणाम. एकाच वर्षाचं, एकाच टांकसाळीचं एक नाणं हजारो डॉलरला जातं आणि दुसरं जवळपास दर्शनी किमतीचंच राहतं, यातच या विषयाचं सगळं महत्त्व आलं.

न्यूझीलंडमधल्या टौरंगात बसून हे लिहिण्यामागे कारण आहे. न्यूझीलंडची स्वतःच्या नावाची नाणी १९३३ पासून आहेत, पण चलनातली नाणी हा देश स्वतः पाडत नाही. ती लंडनहून आली, मग वेल्समधल्या लँट्रिसँटहून, कॅनबेराहून, कॅनडाहून. टांकसाळ हजारो मैलांवर, चूक तिथे झालेली, आणि सापडते इथे, बे ऑफ प्लेंटीत कुणाच्या तरी बरणीत. त्यामुळे इथल्या संग्राहकांना डायचा इतिहास नाण्यांवरूनच वाचायची सवय आहे. १९४२ च्या शिलिंगवर माओरी योद्ध्याच्या पाठीवरून जाणारी रेघ दिसते. तडकलेल्या डायची ती खूण आहे आणि इथे तिला सगळे ‘मोडक्या पाठीचं शिलिंग’ म्हणूनच ओळखतात. १९५६ च्या काही पेनींवर राणीच्या खांद्यावरचा पट्टा नाही, कारण सुधारलेल्या चित्राऐवजी आधीच्या चित्राची डाय वापरली गेली. १९६७ मध्ये देशाने दशमान पद्धत स्वीकारली. त्या पहिल्या वर्षाच्या पाच सेंटांपैकी काहींवर तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याच्या खडकामागची समुद्राची रेघच नाही. आणि त्याच वर्षीचं दोन सेंटचं एक विलक्षण नाणं आहे: एका बाजूला न्यूझीलंडच्या कोव्हाईची फुलं, दुसऱ्या बाजूला राणीच्या डोक्याभोवती बहामा बेटांचं नाव! लंडनच्या टांकसाळीत दोन्ही देशांची नाणी पाडली जात होती, आणि बहामाच्या पाच सेंटची डाय न्यूझीलंडच्या नाण्यांसाठी चढवली गेली.

यातलं एकही दुहेरी डायचं उदाहरण नाही. तरीही मी ती मुद्दाम दिली आहेत, कारण सगळ्यांत एक समान धागा आहे. चूक डायमध्ये किंवा डाय निवडण्यात झाली, म्हणून ती पुन्हा पुन्हा त्याच रूपात सापडते आणि दुसऱ्या नाण्याने पडताळता येते. मशीन डबलिंगला हा आधार नाही. डाय सैल असताना सलग पडलेल्या काही नाण्यांवर थोडंफार सारखं दुहेरीपण येऊ शकतं, हे खरं. नवीन संग्राहक इथेच चकतात: एकाच पाकिटात तीन सारखी नाणी निघाली म्हणजे डायची चूक, असं धरून चालतात. पण ती तिन्ही शेजारी ठेवली की दिसतं, एकावर सरक जास्त, एकावर कमी, तिसऱ्यावर फक्त एका बाजूला. डायची चूक अशी कमीजास्त होत नाही.

टौरंगात अशी नाणी शोधायला जागा भरपूर आहेत. मोठ्या व्यवहारांतून रोख पैसा जवळजवळ गेला आहे, पण गराज सेलमध्ये, ऑप शॉपच्या, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाच्या, काउंटरवरच्या टोपलीत, निवृत्त शेजाऱ्याच्या बिस्किटाच्या डब्यात जुनी नाणी अजून पडलेली असतात. एक आणि दोन सेंटची नाणी १९९० मध्ये चलनातून गेली. २००६ मध्ये पाच सेंटचं नाणं बंद झालं आणि दहा, वीस, पन्नास सेंटची नाणी लहान करून पोलादाच्या गाभ्यावर आणली गेली. दहा सेंटवर तांब्याचा मुलामा, वीस आणि पन्नासवर निकेलचा. या नव्या नाण्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाम्याचा थर पातळ असतो. अक्षराच्या कडेला तो कधी ताणला जातो, फाटतो किंवा त्याला फुगा येतो आणि अक्षराला आणखी एक कड असल्याचा भास होतो. भिंगात खालचा पोलादी करडा रंग डोकावताना दिसला, तर ते दुहेरीपण नव्हे.

आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या, नाण्यांचा इतिहास याहून समृद्ध आहे आणि तो हौशी संग्राहकाने ओळीने वाचावा. शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही नाणी हातोड्याच्या घावाने पाडलेली. खालच्या ठशावर चकती ठेवायची, वरचा ठसा धरायचा, घण मारायचा. पहिला घाव कमी पडला म्हणून दुसरा मारला आणि मधल्या क्षणात चकती किंवा ठसा हलला, तर अक्षरं दोनदा उमटतात. अशा शिवराया बाजारात हव्या तितक्या दिसतात. त्यांच्यावरचं दुहेरीपण खरं आहे, पण ते ठशातलं नव्हे. दोन घावांचं आहे. अशा नाण्यावर दुसऱ्या घावाने पहिली प्रतिमा काही ठिकाणी चेपून टाकलेली दिसते आणि बहुधा दोन्ही बाजूंना काहीतरी हललेलं असतं. हातघावाच्या नाण्याला मी दोषी मानत नाही. त्या काळच्या कारागिराचा हात त्यातून दिसतो आणि शिवराईच्या अभ्यासात तोच महत्त्वाचा. पण तिला कुणी ‘डबल डाय’ म्हणून विकत असेल तर त्याला दोन्ही विषय ठाऊक नाहीत.

यंत्रयुगातली आपली नाणी मुंबईशी जोडलेली आहेत. फोर्टमधली टांकसाळ १८२९ मध्ये वाफेच्या यंत्रांसह सुरू झाली. या टांकसाळीने डायवरच्या बारीक खुणांचा एक सुंदर धडा आपल्याला दिला आहे. १८६२ साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात राहिला, आणि मुंबईच्या रुपयांवर वेगवेगळ्या ठिकाणी छोटे ठिपके मिळतात. हे ठिपके डायमध्ये मुद्दाम घातलेले, म्हणून ते एका डायच्या सगळ्या रुपयांवर सारखे येतात. ज्याने ते ठिपके भिंगाखाली नीट मोजले आहेत, त्याला मशीन डबलिंगची सपाट पायरी आणि डायमधली खूण यातला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही. स्वतंत्र भारताची अलीकडची बरीच नाणी स्टेनलेस स्टीलची. हा धातू तांबे-निकेलपेक्षा कठीण, डायला त्रास देणारा. झिजलेल्या डायच्या सावल्या आणि प्रेसचे हिसके या नाण्यांवर वारंवार दिसतात, आणि बाजारात ‘डबल डाय’ म्हणून फिरणाऱ्या एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांत त्यांचीच गर्दी असते. मुंबईचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची खूण नसणं, हे सगळं सालाखाली बघून मगच पुढे जावं, कारण कोणत्या टांकसाळीची डाय हे कळल्याशिवाय तुलना कशाशी करणार?

टांकसाळीच्या खुणेवरून एक जुनी कसोटी सांगतात. अमेरिकेत कित्येक दशकं ही खूण हब दाबून झाल्यावर प्रत्येक डायवर वेगळी, हाताने ठोकली जात असे. त्यामुळे खऱ्या दुहेरी डायमध्ये साल दुहेरी आणि खूण एकेरी. दोन्ही सारखेच दुहेरी दिसले तर संशय प्रेसवर. १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंटला ही कसोटी उत्तम लागू पडते. ते नाणं इतकं ठळक दुहेरी आहे, आणि त्याच सुमारास बनावट दुहेरी सेंटही निघाले होते, की अमेरिकी सरकारी यंत्रणेने सुरुवातीला काही खरी नाणीसुद्धा खोटी समजून जप्त केली होती. पण ही कसोटी भारतीय किंवा न्यूझीलंडच्या नाण्यांना डोळे मिटून लावू नये. खूण हबवरच होती की नंतर ठोकली, यावर सगळं अवलंबून आहे.

बाजाराबद्दल थोडं परखड लिहायला हवं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या प्रमाणन संस्था मशीन डबलिंगला वेगळा प्रकार म्हणून नोंदवत नाहीत. तशा नाण्याला संग्राहक जादा पैसे देत नाहीत. तरीही व्हिडिओंमधून, जाहिरातींमधून ‘तुमच्या घरातलं हे नाणं लाखांचं’ असं सांगणारे थांबत नाहीत. लाखी नाणं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच चित्र, एकीकडे सुलट आणि दुसरीकडे खोलगट उलटं, याला आपल्याकडे शुभ मानतात आणि त्याला खरी मागणी आहे. त्याच्या प्रतिष्ठेवर ही बाकीची दुकानं चालतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांशी बँकेचा काही संबंध नाही. या फसवणुकीत सगळ्यांत आधी सापडतात ते घरात जुना डबा असलेले साधे लोक. पेन्शनर, गृहिणी, परदेशात आलेल्या मुलाकडे आजोबांची नाणी पाठवणारी माणसं. त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे, हे मी स्पष्ट लिहितो. ज्याला नाण्याची दहा रुपयांची किंमत कळते आणि प्रेसच्या हिसक्याचा अर्थ कळतो, त्याला कुणी लाखांचं आमिष दाखवू शकत नाही.

नाणं खरं असल्याचा पुरावा ते वाजवून मिळतो, वजनाने मिळतो. इथे तो उपयोगाचा नाही, कारण मशीन डबलिंगचं नाणंही टांकसाळीचंच, अस्सल. इथला पुरावा दुसऱ्या नाण्यात असतो. एकट्या नाण्यावरून, तेही फोटोवरून, निकाल देण्याला मी कायम विरोध केला आहे. १९५५ च्या सेंटचंच बघा: जाणकार त्याच्या मागच्या बाजूला ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’जवळ डायवरचा बारीक उभा ओरखडा शोधतात. तो दुहेरी अक्षरांशी असंबद्ध आहे, पण त्याच डायच्या जोडीवर होता, म्हणून खऱ्या नाण्यांवर तोही सापडतो. अशा खुणा, ओरखडे, तडे, छोटे खड्डे, दोन नाणी एकाच डायची असल्याचं सांगतात. दुहेरीपण आणि या खुणा दोन्ही दुसऱ्या नाण्यावर जुळल्या की मग बोलायला हरकत नाही.

पुस्तिका वापरताना चित्रं एका विशिष्ट क्रमाने बघावीत अशी माझी विनंती आहे. आधी मशीन डबलिंगची सगळी पानं, मग झिजलेल्या डायची, मग मुलाम्याची, आणि खऱ्या दुहेरी डायची अगदी शेवटी. उलट क्रमाने गेलं तर डोळ्याला प्रत्येक गोष्ट दुर्मीळ वाटू लागते. चित्रं काढताना प्रकाश एका बाजूने, खालून, नाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवला आहे आणि प्रत्येक नाण्याचे दोन फोटो आहेत, दुसरा फोटो प्रकाशाची दिशा बदलून. पायरीचं लकाकणं आणि विझणं त्यामुळेच कळतं. घरी करायचं असेल तर टेबललॅम्प आणि साधं दहापटीचं भिंग पुरे होतं. नाणं धुऊ नका, चोळू नका, टूथपेस्ट लावू नका. चोळल्याने अक्षरांच्या कडा गोल होतात, पायरीवरची चकाकी मरते आणि मग प्रेसचा हिसका होता की डायची चूक, हे कुणालाच सांगता येत नाही. कागदाच्या पाकिटात ठेवताना त्यावर वर्ष, टांकसाळ, दुहेरीपण कोणत्या अक्षरावर आणि कोणत्या दिशेला आहे, टोकाला खाच आहे का, आणि त्याच प्रकारचं दुसरं नाणं सापडलं आहे का, एवढं पेन्सिलीने लिहावं. दुसरं नाणं सापडलं नसेल तर तिथे ‘तपासायचं’ असं लिहून जागा मोकळी सोडावी.

टौरंगा, न्यूझीलंड